एक्केचाळीसावी पेटी

१

सतराव्या भोकाच्या रांगेत चाळीस नंबरची जागा रिकामी होती. बेचाळीसचीही रिकामी होती. आणि या दोन्हींच्या मधली एक्केचाळीसची, जी भरलेली असायलाच हवी होती, तीसुद्धा रिकामीच होती.

"शुक्रवारी होती," मिरेय गॅन्यों म्हणाली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सोमवारी सकाळी कुलूप उघडलं तर नाही. थेल्मा, आईशपथ, मी हातसुद्धा लावलेला नाही."

"तू लावलास असं मी म्हटलंय का?"

"तुम्ही नाही म्हटलंत. ब्रेंट म्हणतोय. कामावरून काढणार म्हणतोय. माझा भूगर्भतज्ज्ञाचा परवानाही काढून घ्यायला लावणार म्हणतोय!"

थेल्मा हॅलचुकने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शेडभर नजर फिरवली. अबब! जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकडी पेट्याच पेट्या, अकराशेच्या वर. प्रत्येकीत खडकाच्या लांबलचक कांड्या निजवून ठेवलेल्या. टॅमरॅक फॉल्स गावाच्या उत्तरेच्या डोंगरात सोनं आहे असं 'सेव्हन पोर्टेज' नावाच्या छोट्या कंपनीचं म्हणणं होतं, आणि ते सिद्ध करायला तिने डोंगराला ही भोकं पाडून आतला गाभा बाहेर काढला होता. प्रत्येक कांडी उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेत दळायला पाठवायची, अर्धी साक्षीला पेटीत ठेवायची, अशी इथली रीत. दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा दगड असा शिस्तीत, नंबर घालून पडलेला पाहून थेल्माला देवळात आल्यासारखं वाटलं. तिने नकळत डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

उद्या दुपारी तीन वाजता कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये निवृत्त खाणकामगारांच्या निधीची सभा होती. निधी या कंपनीत घालायचा की नाही, यावर हात वर व्हायचे होते. आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं की निधीचं काम पाहणारी थेल्मा जे सांगेल, तेच होणार.

हेच तिला खात होतं. पाच वर्षांपूर्वीही तिने अशाच एका कंपनीत पैसे घालायला सांगितलं होतं. त्या कंपनीच्या सल्लागार मंडळात अशी झगझगीत नावं होती की यादी वाचूनच ती भाळली. कंपनी बुडाली. तिच्या सख्ख्या भावाने, वॉल्टरने, आयुष्यभर जमिनीखाली घासून उभी केलेली तळ्याकाठची झोपडी विकली. तो एका शब्दाने बोलला नाही. तेव्हापासून तो तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मागच्या दाराने नेलीय," मिरेय म्हणाली. "चला, दाखवते. रविवारी दुपारी बर्फ थांबला, त्यानंतर पडलेलाच नाही. माग तसाच आहे."

मागच्या दारापासून तळ्याच्या रस्त्याकडे दोन बारीक रेघा गेल्या होत्या, सुरीने ओढाव्यात तशा. त्यांच्या मधोमध बुटांचे ठसे होते, लांब लांब अंतरावर. थेल्मा वाकली. दहा ठसे पाहिले, वीस पाहिले, कुंपणापर्यंत चालत जाऊन पुन्हा पाहिले.

सगळे ठसे डाव्या पायाचे होते. उजवा पाय कुठेच नव्हता.

२

"एका पायाचा चोर?" ब्रेंट कॅलोवे खो खो हसला. कंपनीचा हा मालक दक्षिणेकडच्या मोठ्या शहरातून आलेला, दात पांढरेशुभ्र, बूट त्याहून स्वच्छ. "थेल्मा, तुम्ही कोर्टात तीस वर्षं साक्षी टिपल्यात ना? त्याची सवय लागलीय तुम्हाला. अहो, एक पेटी गेली! प्रयोगशाळेचे आकडे आहेत, फोटो आहेत. बावीस मीटर जाडीचा सोन्याचा पट्टा! आणि हे वाचा जरा."

त्याने गुळगुळीत पुस्तिका पुढे सरकवली. सल्लागार मंडळ. पहिलं नाव ग्रॅहम टेनंट, माजी खाणमंत्री. दुसरं डॉ. ॲलिस्टर पेन, विद्यापीठातले मोठे भूगर्भशास्त्रज्ञ. दोघांचे फोटो पानभर. खाली कोपऱ्यात, फोटोशिवाय, तिसरं नाव: हेल्वी कोस्किनेन, स्थानिक.

"ही हेल्वी इथे कशी?"

"म्हातारी? सोनं शोधत डोंगरात हिंडायची, तिथल्या खाणीचा हक्क आधी तिच्या नावावर होता. विकताना अट घातली की मला सल्लागार करा. केलं! फुकटात मानपान, आपलं काय जातंय? ती कधी फिरकतही नाही. शेडची वही बघा हवं तर."

थेल्माने वही पाहिली. चौदा जून, पाहणी: टेनंट, पेन. हेल्वीची सही वर्षभरात एकदाही नव्हती.

पण वहीशेजारच्या फळ्यावर एक चिठ्ठी टोचलेली होती. सतरावं भोक, एक्केचाळीस नंबरची पेटी, उरलेली अर्धी बाजूही दळायला पाठवणे, सोमवारी. खाली ब्रेंटची सही, तारीख गेल्या शुक्रवारची. शेजारच्या चार पेट्या अशाच चिठ्ठ्यांनी आधीच गेल्या होत्या. एक्केचाळीसमध्ये सोन्याचे ठिपके डोळ्यांना दिसत, म्हणून पाहुण्यांना दाखवायला ती तेवढी ठेवली होती.

थेल्मा मनाशीच हसली. गेल्या गुरुवारी तिने कंपनीला पत्र लिहिलं होतं की मला एक्केचाळीसावी पेटी स्वतः पाहायची आहे आणि बरोबर एक जुना खाणकामगार आणायचा आहे. पत्र गुरुवारी, चिठ्ठी शुक्रवारी.

"मिरेय, या भोकाची नोंद तू केलीस?"

"नाही, माझ्या आधीच्या माणसाने. तो उन्हाळ्यात सोडून गेला. आणि एक गंमत सांगू? दगडातले थर कांडीला कोणत्या कोनात कापतात, त्याचा एक रकाना असतो. या भोकाचा तो रकाना कोरा आहे. ब्रेंटला विचारलं तर म्हणाला, तो माणूस आळशी होता."

"बाकी रकाने?"

"सगळे भरलेले. मोत्यासारखं अक्षर."

आळशी माणूस एकच रकाना कोरा कसा सोडेल? थेल्माने हे डोक्यात टिपून ठेवलं. मग सहज तिचा हात शेजारच्या रांगेतल्या एका पेटीच्या झाकणावरून फिरला आणि ती थबकली. धूळ नव्हती. तिने वरची पेटी पाहिली, खालची पाहिली, पलीकडच्या रांगेतल्या पन्नास पाहिल्या. करवतीच्या खोलीला लागून असलेल्या या शेडमध्ये खिडकीच्या चौकटीवर बोटभर पूड साचलेली, आणि पेट्यांची झाकणं मात्र स्वच्छ.

"तू पुसतेस?"

"अकराशे पेट्या? मला वेड लागलंय का?"

कुणीतरी त्या पुसल्या होत्या. नुसत्या पुसल्या नव्हत्या, झाकण काढून परत बसवताना कडेची धूळ जशी पडते तशी पडली होती. कुणीतरी अकराशेच्या अकराशे पेट्या उघडून पाहिल्या होत्या.

३

दोन्ही मोठे सल्लागार उद्याच्या सभेसाठी आले होते आणि गावातल्या लॉजवर उतरले होते. माजी मंत्री टेनंट तळलेला मासा मिटक्या मारत खात होते.

"बसा हो, बसा! मासा घ्या, फार छान आहे. काय विचारायचंय?"

"तुम्ही कंपनीला असा कोणता सल्ला दिलात, जो त्यांना आवडला नाही?"

टेनंटसाहेबांचा काटा हवेतच थांबला. मग ते इतके मनापासून हसले की थेल्मालाही हसू आलं. "बाई, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही! खरं सांगू? काहीच नाही. अकरा कंपन्यांच्या मंडळांवर आहे मी. माझं नाव असलं की लोक फोन उचलतात. तेवढंच माझं काम."

"जूनमध्ये शेड पाहिलीत ना?"

"गाडीतून! काळ्या माश्यांनी नुसता उच्छाद मांडला होता, दार उघडायची सोय नाही. सही इथेच केली, जेवताना. ब्रेंट वही घेऊन आला होता."

"आणि प्रोफेसर पेन?"

"त्यांचं त्यांना विचारा. मी कशाला लोकांच्या भानगडीत पडू?"

प्रोफेसर पेन वरच्या खोलीत भेटले. उंच, देखणे, आवाज असा की ऐकतच राहावं. ते डोंगराच्या जन्माबद्दल बोलू लागले आणि थेल्मा सगळं विसरली. तप्त पाण्याचे झरे भेगांतून कसे वर आले, त्यांनी सोनं कसं मागे ठेवलं, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. काय ज्ञान त्या माणसाचं! अशा माणसाचं नाव यादीत असल्यावर आणखी काय हवं, असं तिला क्षणभर वाटलंही. पाच वर्षांपूर्वी अगदी असंच वाटलं होतं. तिने स्वतःला चिमटा काढला.

"एक्केचाळीसावी पेटी तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली म्हणजे? जूनमध्ये माझ्या या हातांनी उघडली. झाकण काढलं आणि गडद हिरवा, चमकदार दगड समोर. मनगटाएवढी गोल गुळगुळीत कांडी. उचलली, फिरवली, चारी बाजूंनी सोन्याचे ठिपके! बाई, तो क्षण मी विसरणार नाही."

"चारी बाजूंनी?"

"चारी बाजूंनी."

थेल्माने आभार मानले आणि जिन्यातूनच मिरेयला फोन लावला. "पोरी, एक्केचाळीसावी पेटी करवतीखाली कधी गेली?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "नऊ मे."

म्हणजे जूनमध्ये पेटीत गोल कांडी नव्हतीच. चिरलेली अर्धी फाक होती, एका बाजूने सपाट.

"आणि झाकण काढल्यावर दगड कसा दिसतो? गडद, चमकदार?"

"छे! सुका दगड राखाडी, मळकट. फोटो काढताना आम्ही पाणी मारतो, तेव्हा तो तसा दिसतो."

प्रोफेसरांनी दगड पाहिलाच नव्हता. त्यांनी फोटो पाहिला होता, तोही चिरण्याआधीचा. ज्यांनी सही केली होती त्यांच्यापैकी कुणी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. मग पाऊल कुणाचं होतं? आणि तेही एकच?

४

दुपारी थेल्मा वॉल्टरकडे कोबीचं सूप घेऊन गेली. वॉल्टर खिडकीशी बसला होता. खाणीच्या धुळीने छाती गेलेली, बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायचा.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"आहे." थेल्माने वाटी पुढे केली. मग न राहवून म्हणाली, "वॉल्टर, एका पायाचा माणूस बर्फातून जड पेटी कशी नेईल? दोन बारीक रेघा, आणि मध्ये फक्त डावं पाऊल."

वॉल्टरने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता! खोकला येईपर्यंत हसला. "अगं वेडे, बापाने तुला खाणीत कधी नेलं नाही म्हणून... फिनिश लोकांची गाडी ती! खुर्चीला लोखंडी पट्ट्या लावायच्या. एक पाय पट्टीवर, दुसऱ्याने मागे रेटायचं. आमच्या पाळीतले निम्मे तसेच यायचे."

"आणि उजवा गुडघा दुखत असेल तर?"

"तर उजवा पट्टीवर. डाव्यानेच रेटेल की."

थेल्मा उठली. उजव्या पायाने लंगडणारी फिनिश बाई गावात एकच होती. सूप तसंच राहिलं.

हेल्वी कोस्किनेन ऐंशीला टेकलेली, दारातच उभी होती. स्वयंपाकघरात वेलचीच्या गोड पावाचा वास दरवळत होता आणि जेवणाच्या टेबलावर, मेणकापडावर, एक्केचाळीसावी पेटी होती.

"कॉफी घेशील?" हेल्वीने विचारलं. "उशीर केलास. मला वाटलं, सोमवारीच येशील."

"तुला कसं माहीत मीच येणार?"

"ब्रेंटला दगड कळत नाही आणि पोलिसांना ब्रेंट कळत नाही. राहिलं कोण?"

थेल्मा खुर्चीवर बसली. "मी सांगते, चुकलं तर थांबव. सोमवारी ही पेटी दळली जाणार होती. जी वस्तू दोन दिवसांत पीठ होणार, ती चोर कशाला चोरेल? जिला ती वाचवायची आहे, तीच चोरेल. चिठ्ठी शेडमध्ये टोचलेली, म्हणजे ती शेडमध्ये येणारी. वहीत तुझं नाव नाही, पण पेट्यांवर धूळही नाही. किल्ली छपराखालच्या खिळ्याला असते, हे गावाला माहीत आहे. मिरेय शनिवारी नसते. तू दर शनिवारी जात होतीस."

"कधी कधी रविवारीही."

"वर्षभर? अकराशे पेट्या?"

"अकराशे चौदा," हेल्वी म्हणाली. "सल्लागार नेमलंय ना मला? न बघता काय सल्ला देणार?"

दुखऱ्या गुडघ्याने, उणे तीसच्या थंडीत, कुणी न सांगता, कुणी न बघता, या बाईने अख्खा डोंगर पेटी पेटी करून वाचला होता.

हेल्वीने एक फाक उचलली, सपाट बाजूवर जीभ फिरवली आणि दगड खिडकीच्या उजेडात धरला. ओला झाल्याबरोबर मळकट दगडातून हिरवा रंग उमलला, त्यात पांढरा पट्टा आणि पट्ट्यात बारीक पिवळे ठिपके.

"आई गं!" थेल्मा पुटपुटली.

"सोनं खरं आहे. तिथे खोट नाही. पट्टा कुठून कुठे जातो ते बघ. बोट फिरव."

थेल्माने बोट फिरवलं. पट्टा कांडीला आडवा कापत नव्हता. तो कांडीबरोबर लांबीने धावत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हेल्वीने पावाचे दोन काप घेतले, मध्ये जांभळाच्या मुरांब्याचा पातळ थर दिला आणि विणायची सुई वरून खाली टोचली. सुईला चिमूटभर मुरांबा लागला. मग तीच सुई तिने दोन कापांच्या मधून, थराच्या अंगाने सरळ घुसवली. बाहेर काढली तर पूर्ण माखलेली.

"बावीस मीटर जाड पट्टा," हेल्वी म्हणाली. "खरी जाडी हातभर. भोक थराला आडवं पाडायचं असतं, यांनी थरातूनच घातलं. पहिल्यांदा चुकून झालं असेल. मी तीन पत्रं लिहिली ब्रेंटला. तिसऱ्या पत्रानंतर पेट्या दळायला जाऊ लागल्या."

कोरा रकाना कसला होता ते आता थेल्माला कळलं. "मंडळाच्या बैठकीत का नाही बोललीस?"

"बैठक झालीच नाही कधी. आणि झाली असती तरी सल्लागाराला मत नसतं गं. आम्ही फक्त सांगायचं. ऐकायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं."

"हेल्वी, तुझा डोंगर... मोबदल्यात त्यांनी तुला शेअरच दिले असतील."

"हो."

"उद्या निधीने होकार दिला तर ते वर जातील. हे बाहेर आलं तर कागदाच्या मोलाचे."

"तुझी कॉफी निवतेय," हेल्वी म्हणाली.

५

कर्लिंग क्लबचा हॉल तीन वाजता गच्च भरला. टेनंटसाहेब गोड बोलले. प्रोफेसर पेन असे बोलले की माणसं श्वास रोखून ऐकत राहिली. ब्रेंटने पडद्यावर यादी दाखवली आणि म्हणाला, "अशी माणसं ज्या कंपनीच्या पाठीशी उभी आहेत..."

"उभी कुठे आहेत?" थेल्मा उठली. "एक गाडीत बसून होते. दुसऱ्यांनी जूनमध्ये अशी गोल कांडी उचलली, जी मे महिन्यातच चिरली गेली होती. प्रोफेसर, मी चुकत असेन तर सांगा."

प्रोफेसर पेन समोरचे कागद गोळा करू लागले.

दार उघडलं. हेल्वी आत आली, तिच्या मागे मिरेय पेटी उचलून.

"ती माझी पेटी!" ब्रेंट ओरडला. "सतराव्या भोकाची! चोर आहे ती बाई, पोलिसांना बोलवा!"

"हो, मीच नेली," हेल्वी शांतपणे म्हणाली. "पोरीचा काही दोष नाही. आणि हीच ती पेटी, हे तू सगळ्यांसमोर सांगितलंस ते बरं झालं."

थेल्माने रात्रभर घोकलेलं भाषण तोंडात तयार होतं. कोन, थर, सुई, मुरांबा. तिने समोर पाहिलं. दीडशे म्हातारे. कुणाची बोटं गेलेली, कुणाचा कान, पण प्रत्येकाने तीस-तीस वर्षं याच दगडाच्या पोटात काढलेली. तिला एकदम उमगलं आणि तिने भाषण गिळलं.

"मी काहीच सांगणार नाही," ती म्हणाली. "दगड हातात घ्या."

फाका रांगेतून फिरू लागल्या. पहिल्या म्हाताऱ्याने अंगठा जिभेला लावला आणि दगडावर फिरवला. पट्टा उमटला. त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा नेला, थांबला, शेजाऱ्याकडे दगड दिला. तो दुसराही तसाच थांबला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. दीडशे माणसं, आणि हॉलमध्ये फक्त दगड हातातून हातात जाण्याचा आवाज. थेल्मा पाहत राहिली. विद्यापीठातल्या प्रोफेसरांनी न पाहिलेलं ही माणसं अंगठ्याने वाचत होती, आणि एवढी वर्षं ती यांच्यासाठी बाहेर सल्लागार शोधत हिंडत होती! तिला रडू आवरेना.

सभापतींनी विचारलं, "होकार असेल त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. हेल्वीने भिंतीशी एक खुर्ची ओढली आणि दुखरा गुडघा चोळत बसली.

शेवटची फाक वॉल्टरकडे होती. तो काठी टेकत, दर चार पावलांवर श्वास घेत, थेल्मापाशी आला. तिने डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं. आता हा म्हणेल, बाहेर थंडी आहे.

वॉल्टरने दगड तिच्या हातात ठेवला.

"दगड फिरवायची गरज नव्हती," तो म्हणाला. "तू नुसतं नको म्हणाली असतीस, तरी मी ऐकलं असतं."

वॉल्टरने शेजारची खुर्ची ओढली आणि दोघं बराच वेळ तिथेच बसून राहिली.